आउटबोर्डचं लोअर युनिट वर चढत नाही, चढलं तर गिअर पडत नाही

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि वर्षभर राबलेल्या मशिनीकडे बघायला मालकाला आत्ता कुठे सवड मिळते. आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून टांगलेली मशीन. तिचा इम्पेलर, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी वर उपसणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चक्र, बदलायचा म्हणून खालचा गिअर बॉक्स, म्हणजे लोअर युनिट, उतरवलं जातं. उतरताना ते गुमान उतरतं. बसवताना मात्र दरवर्षी त्याच तीन तक्रारी येतात. युनिट बोटभर अंतर ठेवून अडतं आणि पुढे सरकत नाही. नाहीतर बसतं, पण रिव्हर्स पडत नाही किंवा न्यूट्रलला पंखा फिरतच राहतो. हे दोन्ही जमलं तर मशीन चालू केल्यावर त्या पाण्याची बाहेर पडणारी धार येत नाही.

मालवण-देवबागकडे पर्यटकांच्या बोटी चालवणाऱ्यांचंही हेच. कर्ली खाडीच्या मुखाशी उथळ पाण्यात पंपात वाळू इतकी ओढली जाते की तिथला इम्पेलर खोल पाण्यातल्या मशिनीपेक्षा खूप आधी झिजतो. म्हणजे युनिट वारंवार उतरवणं आलं, आणि वारंवार चढवणंही.

तिन्ही तक्रारींचं मूळ एकाच जागी आहे. युनिट वर जाताना चार गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात आणि त्यातली एकही धड डोळ्यांना दिसत नाही. उभ्या शाफ्टचे दाते वर क्रँकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यात, शिरायचे, पाण्याची नळी पंपाच्या रबरात बसायची, गिअरचा दांडा वरच्या दांड्याला भेटायचा आणि जागा धरणाऱ्या छोट्या डॉवेल पिना आपापल्या भोकांत जायच्या. एक चुकली की बाकीच्या तिघी तिच्यासाठी थांबतात.

यावर बंदरावर हमखास ऐकू येणारा सल्ला म्हणजे, "आवळ रे बोल्ट, आपसूक चढतला." हा सल्ला ऐकू नका. युनिट हाताच्या जोरावरच पूर्ण वर गेलं पाहिजे, दोन्ही धातूंचे काठ एकमेकांना टेकेपर्यंत. बोल्टांचं काम तिथून पुढे सुरू होतं. त्यांनी धरून ठेवायचं, वर खेचायचं नाही. दाते जुळलेले नसताना बोल्ट आवळलात तर शाफ्टचं टोक सरळ क्रँकच्या बुडावर दाबलं जातं आणि तो सगळा भार वर क्रँकच्या आणि खाली पिनियनच्या, म्हणजे शाफ्टच्या खालच्या टोकावरच्या छोट्या गिअरच्या, बेअरिंगवर येतो. नळी चुकलेली असेल तर ती वाकते किंवा पंपाचं प्लास्टिकचं झाकण फोडते. आणि यातलं काहीच मोडलं नाही तर बोल्ट धरणारा ॲल्युमिनियमचा कान तडकतो. एवढ्याशा रबरापायी अख्खं केसिंग बदलायची पाळी येते.

हात लावण्याआधी

स्टॉप स्विचची लाल दोरी काढा आणि स्पार्क प्लगच्या टोप्याही काढून ठेवा. पुढे पंखा आणि फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं जड चाक, हाताने फिरवायचं आहे. गरम इंजिनात उरलेल्या इंधनाच्या वाफेवर एखादा ठोका पडला तर बोटं जातील. मशीन उभीच ठेवा. टिल्ट केलेल्या, म्हणजे तिरकी वर उचललेल्या, मशिनीत पाण्याची नळी आतल्या आत एका बाजूला झुकते आणि मग ती रबराच्या तोंडाशी येतच नाही. ९.९ किंवा १५ हॉर्सपॉवरच्या रॉकेलवर चालणाऱ्या मशिनीचं युनिट एकट्याला उचलता येतं. ४० च्या पुढे दुसरा माणूस घ्या, कारण एका हाताने वजन पेलत दुसऱ्या हाताने नळी शोधणं हा कमरेचा कार्यक्रम होतो.

शाफ्टच्या दात्यांवरचं जुनं ग्रीस, मीठ आणि गंज तारेच्या ब्रशने साफ करा. पाण्याला दाद न देणारं मरीन ग्रीस दात्यांच्या बाजूंना पातळ लावा. शाफ्टच्या डोक्यावर, म्हणजे अगदी वरच्या सपाट टोकावर, ग्रीस अजिबात नको. बोटाला लागलेलंही पुसून काढा. क्रँकमधलं भोक वरून बंद असतं. डोक्यावर ग्रीसचा गोळा असेल तर तो आत कोंडला जातो आणि शाफ्टला पूर्ण वर जाऊ देत नाही. मग बोल्टाने ओढलं की तोच गोळा क्रँकला वर ढकलतो. उलट दाते कोरडे ठेवलेत तर खाऱ्या पाण्यात ते क्रँकला असे धरतात की पुढच्या वर्षी युनिट खाली येतच नाही. काही मॉडेलमध्ये शाफ्टच्या वरच्या टोकाशी ओ-रिंग असते, ती तुटली असेल तर नवी घाला.

आणखी एक पाहणी करा. युनिट उतरताना शाफ्ट वर क्रँकमध्येच अडकून राहिला होता का? काही लहान मशिनींत शाफ्ट खाली पिनियनमध्ये नुसता दात्यांवर बसलेला असतो, नटाने धरलेला नसतो. तो थोडासा वर उचकटला असेल आणि तुमच्या लक्षात आलं नसेल, तर युनिट दर वेळी तेवढंच अंतर सोडून अडेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. शाफ्ट खाली दाबा, थोडा फिरवा. युनिट गिअरमध्ये असताना शाफ्टबरोबर पंखाही फिरला पाहिजे.

कुठे अडतंय ते अंतरावरून ओळखा

धक्के मारण्याआधी थांबा आणि फट बघा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

फट चारही बाजूंनी सारखी, साधारण दोन-तीन सेंटिमीटर, आणि वर ढकललं की धातूवर धातू आपटल्यासारखं ठक्क थांबतं? मग दाते जुळलेले नाहीत. फट जवळपास दात्यांच्या लांबीएवढीच असते. एकाने युनिट वर हलकं दाबून धरावं आणि दुसऱ्याने वरून फ्लायव्हील घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अगदी थोडं, एखाद्या दात्यापुरतं, सरकवावं. जुळलं की युनिट हातात आपोआप वर सरकल्याचं कळतं. बरेच जण त्याऐवजी पंखा फिरवतात आणि काहीच होत नाही म्हणून वैतागतात. युनिट न्यूट्रलला असेल तर पंखा कितीही फिरवा, शाफ्ट जागचा हलणार नाही. गिअरमध्ये असेल तर हलतो, पण फॉरवर्डला काही मॉडेलचा डॉग क्लच, म्हणजे गिअरला पकडणारा दातेरी तुकडा, एका दिशेने घसरतो आणि उलट्या दिशेने पकडून शाफ्टही उलटा फिरवतो. शाफ्ट उलटा फिरला की इम्पेलरची पाती उलट वळायला बघतात. म्हणून फ्लायव्हीलच बरं.

फट एका बाजूला बंद आणि दुसऱ्या बाजूला उघडी, किंवा वर दाबलं की रबरासारखं परत खाली येतं? बहुतेक वेळा हे पाण्याच्या नळीचं काम असतं. नळीचं टोक पंपाच्या रबरी बुशात शिरण्याऐवजी त्याच्या काठावर उभं असतं. युनिट खाली घ्या, टॉर्च मारून नळी वरच्या टोकाला नीट बसली आहे का ते बघा. उतरवताना नळी वरून सेंटिमीटरभर जरी निसटली असेल, तरी ती आता तेवढी लांब झालेली असते. आधी ती वर ठोस बसवा, मगच युनिट चढवा. खालच्या टोकाला किंचित साबणाचं पाणी किंवा ग्रीस लावा. बुश कडक झालं असेल, चिरलं असेल तर ते पंपाच्या किटमध्ये येतं, नवंच घाला. खरंच नळीच अडते का, याची खात्री करायला तिच्या टोकाला थोडा पांढरा रंग लावा आणि युनिट एकदा वर नेऊन खाली आणा. रंगाचा ठसा बुशाच्या काठावर पडला तर चोर सापडला.

फट फक्त चार-पाच मिलिमीटर राहिली आहे आणि कडक अडतंय? गिअरचे दांडे एकमेकांवर टेकलेले असतील, डॉवेल पीन वाकडी असेल, किंवा सांध्यावर जुन्या गॅस्केटचे तुकडे आणि शंखाशिंपल्यांची खर राहिली असेल. थोडीच फट आहे आणि दाबल्यावर हळूहळू परत उघडते, असं असेल तर शाफ्टच्या डोक्यावरचं ग्रीस आठवा.

अंतरांचे हे आकडे मशिनीगणिक थोडे बदलतील. पण फट सारखी आहे की तिरकी, आणि अडणं कडक आहे की रबरी, या दोन खुणा लहानमोठ्या सगळ्या मशिनींना लागू पडतात.

बसलं, पण गिअर पडत नाही

गिअर जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि आपली कोणती हे आधी माहीत हवं.

लहान मशिनींत बहुधा दांडा वर-खाली सरकतो. खालचा आणि वरचा दांडा एका लांबट नटाने किंवा पिनेने जोडलेला असतो आणि तो सांधा बाहेरून पान्याने गाठता येतो. इथे युनिट चढवणं सोपं, पण जोड कुठे धरायची हे चुकतं. युनिट उतरवताना नट किती फिरवून सुटला ते मोजून ठेवा आणि दांड्यावर रंगाची खूण करा, म्हणजे बसवताना अंदाज बांधावा लागत नाही. खूण केली नसेल तर वरचा लिव्हर न्यूट्रलला ठेवा. खालचा दांडा हाताने वर-खाली करून पंखा दोन्ही दिशांना मोकळा फिरतो त्या पट्ट्याचा मध्य शोधा. त्या स्थितीत नट जोडा. दोन्ही दांड्यांचे आटे नटात पुरेसे आत गेलेले हवेत. टोकाच्या दोन आट्यांवर लटकलेला सांधा भर समुद्रात सुटतो. लॉक नट असेल तर तो शेवटी आवळायला विसरू नका.

मोठ्या मशिनींत दांडा वर-खाली न सरकता स्वतःभोवती फिरतो आणि त्यालाही दाते असतात. युनिट वर जाताना ते दाते वरच्या तुकड्यात शिरतात. आता जुळवण्याची दात्यांची जागा एकाऐवजी दोन झाली. इथे वर आणि खाली एकच गिअर हवा. कोणता, ते कंपनीनुसार बदलतं. बऱ्याच यामाहा मॉडेलना न्यूट्रल आणि बऱ्याच मर्क्युरींना फॉरवर्ड सांगितलेला असतो. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून बघा. शेजारच्या होडीवरच्या मशिनीचा नियम आपल्याला लावू नका. दांडा एक दाता चुकून बसला तरी युनिट पूर्ण वर जातं, फट राहत नाही, सगळं ठीक वाटतं. पुढे एक गिअर नीट पडतो आणि दुसरा अर्धवट.

म्हणून बोल्ट पूर्ण आवळण्याआधी परीक्षा घ्या. एकाने पंखा हाताने सावकाश फिरवत राहायचं आणि दुसऱ्याने लिव्हर फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स असा दोन-तीनदा न्यायचा. पंखा फिरवणं महत्त्वाचं आहे. इंजिन बंद असताना डॉग क्लचचे दात गिअरच्या दातांसमोर येऊन थांबले तर गिअर पडत नाही आणि माणसाला वाटतं जोडणी चुकली. मग लिव्हरवर जोर लावला जातो आणि वरचा दुवा वाकतो. पंखा थोडा फिरला की दात खाचेत जातात. न्यूट्रलला पंखा दोन्हीकडे मोकळा हवा आणि आतून टकटक यायला नको. रिव्हर्सला तो दोन्हीकडे धरला पाहिजे. फॉरवर्डला तो निदान एका दिशेने धरतो, दुसऱ्या दिशेने काही मॉडेलमध्ये खडखडत घसरतो. तो बिघाड नाही.

अर्धवट पडणारा गिअर तसाच घेऊन पाण्यात जाऊ नका. लोड आला की तो उडतो, खालून कडकड आवाज येतो आणि प्रत्येक उडीला डॉग क्लचच्या कडा गोल होत जातात. कडा एकदा गोल झाल्या की जोडणी कितीही नीट करा, गिअर उडतच राहणार. तेव्हा क्लच आणि तो गिअर बदलावाच लागतो. जोडणी अचूक करूनही फक्त जोरात थ्रॉटल दिल्यावरच फॉरवर्ड सुटत असेल, तर दांड्याचा नाद सोडा आणि युनिट उघडायची तयारी करा.

उलट बाजूनेही घाई नको. चालू मशिनीत न्यूट्रलला पाण्याबाहेर पंखा मंद फिरताना दिसतो, विशेषतः तेल थंड असताना. हाताने सहज थांबेल इतका तो हलका असतो, पण चालू मशिनीला हात लावून बघायला मी सांगणार नाही. मशीन बंद करा आणि वरची हाताची परीक्षा घ्या, तेवढी पुरे.

पाण्याची धार येत नाही

इथे नव्या इम्पेलरला दोष देण्यात अर्थ नसतो. कारणं बहुतेक बसवण्यात असतात.

पहिला संशय पाण्याच्या नळीचा. ती बुशात न शिरता बाजूला गेली असेल तर पंप पाणी उपसतो, पण ते लेगच्या, म्हणजे मशिनीच्या उभ्या पायाच्या, आतच सांडतं आणि वर काही पोचत नाही. दुसरा संशय इम्पेलरच्या चावीचा. शाफ्टवरच्या खाचेतला तो छोटा तुकडा झाकण बसवताना खाली घसरतो. मग शाफ्ट फिरतो, इम्पेलर जागच्या जागी. चावी थोड्या ग्रीसने खाचेत चिकटवून ठेवली की घसरत नाही. झाकण खाली दाबताना शाफ्ट वरून बघता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळून बसतात. आत बोट फिरेल एवढं ग्रीस किंवा साबणपाणी असू द्या; पहिल्या काही फेऱ्या कोरड्या जायला नकोत. खालची स्टीलची चकती आणि झाकणातला कप यांवर नखाला लागेल अशी चर पडली असेल तर नवा इम्पेलरही पाणी धड ओढणार नाही. वाळूतल्या मशिनींना ही चर हमखास असते, म्हणून तिथे नुसता इम्पेलर न घेता पूर्ण किट घ्या.

तिसरं कारण पावसाळ्यात किनाऱ्यावर पडून राहिलेल्या मशिनीचं. धारेच्या भोकात कुंभारमाशी मातीचं घर करते. आत पाणी व्यवस्थित फिरत असतं, बाहेर मात्र थेंब नाही. युनिट पुन्हा उतरवण्याआधी त्या भोकात पातळ नायलॉनची दोरी घालून बघा. मी तरी हे सगळ्यात आधी करतो, कारण यात पाना लागत नाही.

तपासणी पिंपात करा. दोनशे लिटरचं पिंप चालतं, पण पाण्याची पातळी पंख्यावरच्या आडव्या पट्टीच्या वर, युनिटच्या सांध्यापर्यंत हवी, कारण पंप तिथे बसलेला असतो. पंखा काढून ठेवा, नाहीतर पिंपातलं निम्मं पाणी अंगावर येईल. चालू करून मंद गतीवर ठेवा. धार मिनिटभरात यायला हवी. न आल्यास लगेच बंद करा, थ्रॉटल वाढवून बघू नका. आणि "नुसतं दोन सेकंद" म्हणून कोरडी मशीन चालू करायची सवय सोडा. नव्या रबराच्या पात्यांना तेवढंच पुरतं.

राहिलेल्या बारीक गोष्टी

स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये खाऱ्या पाण्यात जाम होतात, तेव्हा आट्यांना मरीन ग्रीस लावूनच घाला. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, मग आलटून पालटून आवळा. दहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण ३५ ते ४० न्यूटन-मीटर, आठच्या बोल्टला त्याच्या निम्म्याच्या आसपास. नेमका आकडा मॅन्युअलमधला घ्या. पहिल्या फेरीनंतर एकदा पाना लावून बघा.

काही यामाहा आणि मर्क्युरी मॉडेलमध्ये एक बोल्ट ट्रिम टॅबखाली, म्हणजे पंख्यावरच्या त्या छोट्या शेपटीखाली, लपलेला असतो. उतरवताना तो राहिला म्हणून हातोडी चालवणारे लोक आहेत. टॅब काढण्याआधी त्याच्या कोनाची खूण करा. कोन बदलला तर होडी एका बाजूला ओढू लागते आणि स्टिअरिंग जड होतं. होडी डावीकडे ओढत असेल तर टॅबचं मागचं टोक डावीकडे वळवायचं, उजवीकडे असेल तर उजवीकडे. हा टॅब अनेकदा झिंकचा असतो, गंज स्वतःवर घेण्यासाठी लावलेला. केसिंग रंगवताना त्यालाही रंग फासला की त्याचं काम बंद.

गिअर ऑइल नेहमी खालच्या भोकातून भरा, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा प्लग लावा, मग खालचा, दोन्हींना नव्या वॉशरसकट. निघालेलं तेल दुधासारखं पांढरट असेल तर सीलमधून पाणी शिरतंय. युनिट खाली आहे तोवरच सील बदलून घ्या.

दुसऱ्या मशिनीचं जुनं युनिट विकत घेऊन बसवणार असाल, तर वरचं सगळं करण्याआधी टेप लावा. शॉर्ट आणि लाँग लेगमध्ये सुमारे पाच इंचांचा फरक असतो, १५ आणि २० इंच. शाफ्टची लांबी, वरच्या दात्यांची संख्या आणि गिअरचं प्रमाण हे तिन्ही जुन्या युनिटशी जुळवून घ्या. शाफ्ट आखूड असेल तर युनिट हाताने अगदी सुरेख वर चढतं, फट राहत नाही, बोल्ट गोडीने आवळले जातात, आणि इंजिन चालू केल्यावर पंखा हलतच नाही.